फिक्सरची बाटली आणि इतर मिळकत

मी, श्रीमती तुळसा शिवराम केणी, वय ६९, धंदा घरच्या घरी कापडावर छपाई, राहणार बाळकुम, ठाणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दुखणं छातीचं आहे, ते डोक्यापर्यंत गेलेलं नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहता फ्लॅट माझ्या नावावर आहे. सासऱ्यांच्या घराच्या जागी इमारत झाली तेव्हा तो मिळाला. तो मुलगा मयूर आणि मुलगी भावना यांना निम्मा निम्मा. बँकेत असेल नसेल तेही तसंच. भांडायचंच असेल तर माझं तेरावं होऊ द्यावं.

२. हॉलमधलं छपाईचं टेबल नऊ फुटी आहे. कोलशेतच्या कारखान्यातली नोकरी सुटली त्या वर्षी आमच्या ह्यांनी जुन्या घराच्या दारांच्या लाकडातून ते बनवलं. "आता तू छाप, मी वाळत घालतो," म्हणाले, आणि जाईपर्यंत वाळत घातलं. हे टेबल कोणी मोडू नये.

३. जाऊबाई विमलाबाई यांना काहीही नाही. चहाच्या निमित्ताने येऊन त्यांनी माझं कोयरीचं डिझाइन ट्रेस करून नेलं. मयताला आल्या तर चहा द्यावा, टेबलापाशी बसवू नये.

४. पुढचा मजकूर मृत्युपत्रात येत नाही, असं वकील म्हणाले. मग कुठे येतो, ते त्यांना सांगता आलं नाही.

२०१९च्या दहीहंडीला आळीतल्या गोविंदा पथकाचे तीनशे पांढरे टी-शर्ट आमच्याकडे छापायला होते. छपाई माझी, इस्त्री सून स्वप्नाची. रंगात फिक्सर घालायचा आणि छापलेलं सुकलं की उलट्या बाजूने कडक इस्त्री फिरवायची, तरच रंग पाण्याला टिकतो. स्वप्नाने तीन दिवस इस्त्री केली, बोटांना फोड आले. टेंभी नाक्यावर पोरांवर पाण्याचे फवारे पडले आणि छातीवरचा निळा रंग सगळ्यांच्या पायांपर्यंत उतरला. लोक मोबाईलवर शूटिंग करत होते. पथकाचा विकी संध्याकाळी दारात येऊन म्हणाला, "काकू, आमची पार शोभा झाली."

मी त्याच्यासमोर स्वप्नाला म्हटलं, "इस्त्री नीट फिरवली असतीस तर ही वेळ आली नसती."

"आई, मी दोन-दोनदा फिरवलेली."

"मग रंग काय आपोआप उतरला?"

तिने इस्त्रीची वायर गुंडाळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांदळाच्या डब्यामागे फिक्सरची बाटली सापडली. सील तसंच होतं. घाईत मीच घालायला विसरले होते. अठ्ठावीस वर्षं छापतेय, आळीतल्या निम्म्या बायकांना मी शिकवलं, आणि विसरले मीच, हे तोंडातून निघेना. मी सील तोडलं, बाटली मोरीत ओतली आणि रिकामी बाटली रंगांच्या डब्यांत नेऊन ठेवली.

महिन्याभरात मयूर आणि स्वप्ना डोंबिवलीला वेगळे राहायला गेले. "साधी इस्त्री जमली नाही," हे नातेवाइकांत तिच्या नावाला चिकटलं, ते मीच चिकटवलं. ती सणाला येते, पाया पडते, भांडी घासून जाते, पण टेबलाला हात लावत नाही. मला लाज वाटते. सहा वर्षं रोज वाटते.

५. म्हणून टेबल, छपाईच्या जाळीच्या एक्केचाळीस स्क्रीन, रंगांचे डबे आणि इस्त्री स्वप्नाला. मयूरने मध्ये पडू नये. कलम चार तेराव्याला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं. विकीलाही बोलवावं.

६. इतकं लिहून झाल्यावर मनात आलं, मेल्यावर खरं बोलण्यात कसला मोठेपणा. म्हणून गेल्या रविवारी कच्ची प्रत भावनाच्या हाती डोंबिवलीला पाठवली. स्वप्नाने शेवटच्या पानामागे पेनाने लिहून ती परत केली. ते जसंच्या तसं उतरवते:

"आई, वाचलं. तुम्ही बाटली मोरीत ओतत होतात तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आज सांगाल, उद्या सांगाल, म्हणून महिनाभर थांबले. मग आम्ही निघालो. टेबल आणि स्क्रीन घेईन. इस्त्री नको. आणि तेराव्याची वाट कशाला बघायची? विकी अजून बाळकुमलाच राहतो."

७. कलम पाचमधला "इस्त्री" हा शब्द खोडला आहे. "तेराव्याला" हाही खोडला आहे. दोन्ही खोडाखोडींवर माझी सही आहे. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता विकीला, आळीतल्या बायकांना आणि विमलाबाईंनाही घरी बोलावलं आहे. वाचणार मी.

सही: तुळसा शिवराम केणी

आमच्यासमोर सही केली, साक्षीदार:
१. पोपट देवराम भोईर, शेजारी
२. डॉ. सम्यक जाधव

ठिकाण: बाळकुम, ठाणे
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५