चोरचोळीच्या घडीत

वडगाव, बेळगाव
१२ नोव्हेंबर

प्रिय सुवर्णाक्कास,

धाकट्या युवराजचा नमस्कार. इकडं सगळं बरं आहे. आप्पांची कंबर धरलीय, तरी माग बंद ठेवत नाहीत. ही हिरवी साडी त्यांनीच विणली, तुझ्या चोरचोळीच्या दिवशी नेसायची. पत्र तिच्या घडीत घातलंय. फोन केला की तुझ्या सासूबाई शेजारीच असतात, म्हणून कागद. पाचवा महिना लागला तुला, झोप लागते का?

एक विचारू? ब्रश केल्यावर अजून रक्त येतंय का गं?

मागं निपाणीला आलतो तेव्हा बेसिनमध्ये बघितलं मी. तू म्हणालीस, पोटुशीपणी असंच असतंय, म्हणून ब्रशच सोडला. मला ते पटलं न्हाय. बाळ पोटात आणि रक्त हिरडीतनं, दोन्हीचा संबंध काय? डोक्यात तेच फिरत राहिलं. कॉलेजात एवढे प्रश्न पडले असते तर आज शेवटच्या वर्षाला असतो.

शेवटी शहापुरातल्या दातांच्या दवाखान्यात विचारलं. पोटुशीपणी हार्मोन वाढतात, हिरड्या हळव्या होतात, दाताला जरा कीट बसलं तरी रक्त येतं. ब्रश सोडला की कीट वाढणार, मग रक्त आणखी. तू उलटंच केलंस गं. मऊ ब्रश घे, सकाळी आणि निजताना. उलटी झाली की लगेच घासू नको, आंबटानं दात नरम पडलेले असतात. आधी नुसती चूळ भर. हे ऐकून मी गारच. आणि दात दाखवायला भ्यायचं कारण नाही, फक्त दिवस गेलेत हे आधी सांगायचं.

आता त्या डबीचं. तुझ्या उशाखालची मिशरी मी गटारीत फेकली आणि सासूबाईंना म्हणालो, "तंबाखूच्या गावात लेक दिली, आता नातवालाही तंबाखूच चारा." भरल्या ताटावरनं उठून आलो. तू नुसती खाली बघत होतीस.

का गप बसलीस ते परवा कळलं. आई तव्यावर तंबाखू भाजत होती. कुणाला म्हणून विचारलं तर म्हणाली, "सुवर्णाला. हिरड्या ढिल्या झाल्यात तिच्या, मिशरीनं आवळतात. तुमच्या वेळी मीबी लावायचे की."

मी ओरडलो नाही, तुला खरं वाटणार न्हाय. दवाखान्यात ऐकलेलं सांगितलं, मिशरीतला तंबाखू बाळापर्यंत पोचतो, बाळाचं वजन कमी भरतं. आई म्हणाली, "मग तुम्ही जगलासा ते कसं?" आणि बोलता बोलता तिनंच तळहात पुढं केला. "तू एवढुसा होतास. कापसात गुंडाळून ठेवलतं."

तवा तिनंच मोरीत नेला. या खेपेला डबी येणार नाही.

एवढं कुणी शिकवलं म्हणशील. ऋतिकानं. माझ्या वर्गात होती, आता त्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली असते. माझे दात ठणठणीत, तरी काही ना काही निमित्तानं जायचो. शेवटी तिनं विचारलं, "दुखतंय कुठं ते एकदा सांग की रं." मी पटकन तुझं नाव घेतलं. तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. म्हणाली, "मग आक्काला घेऊन ये. सांगोवांगी हिरडी बरी होत न्हाय."

तिथनं उड्या मारत निघालो आणि गल्लीच्या तोंडाशी लाज वाटली. रक्त तुझं, आनंद मला.

म्हणून सोमवारी तुला न्यायला येतो. आधी सासूबाईंच्या पाया पडीन, त्या बोलतील ते ऐकून घेईन, वाढतील ते जेवीन. मग दाजींना विचारून तुला बसनं बेळगावला आणीन. तू नाही म्हणू नको. ऋतिका त्या दिवशी सुट्टीवर असली तरी चालेल.

तुझाच,
कापसातनं वाचलेला,
युवराज