शंभर वेळा धुतलेलं तूप

वाकोला, सांताक्रूझ (पूर्व)
ता. १० फेब्रुवारी १९८५

प्रिय सुलू,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. देवाच्या फळीवर ठेवलंय, येता-जाता दिसतं, आणि मी रोज म्हणते आज लिहू. सातवा संपत आला, न्यायला कधी येता, विहीणबाई विचारतात त्यांना काय सांगू, असं तू विचारलंस. खरं म्हणजे काय सांगायचं ते मलाच कळत नव्हतं, म्हणून उत्तर लांबलं. आळस नव्हे गं, थकवा. लिहायला बसलं की डावा हात अंगापासून लांब धरावा लागतो, कोंबडीने पंख पसरावा तसा. तसं बसून माणूस किती लिहिणार?

मागच्या पत्रात नागीण बरी झाली असं लिहिलं होतं. ती बरी झालीच आहे. फोड दिवाळीच्या सुमारास सुकले, खपल्या पडून गेल्या, आता पाठीपासून छातीखालपर्यंत नुसते तपकिरी डाग उरलेत. तुला किंवा पोटातल्या बाळाला लागण व्हायची भीती आता नाही, हे मी डॉक्टरांना तीनतीनदा विचारून घेतलं. पण नागीण गेली आणि तिचं दुखणं मागे राहिलं, हे मात्र मी लिहिलं नव्हतं. पोलक्याचं कापड घासलं तरी निखारा ठेवल्यासारखं होतं. हाताने घट्ट दाबून धरलं तर एवढं नाही, हलकंसं काही लागलं की जीव जातो. पंख्याखाली बसवत नाही. घरात तुझ्या बाबांचा जुना मलमलचा सदरा उलटा घालून वावरते, म्हणजे शिवण बाहेर राहते. परवा पोस्टमन आला तेव्हा तशीच दारात गेले, तो बिचारा खाली मान घालून निघून गेला.

डॉक्टर म्हणाले, आतल्या शिरा दुखावल्यात, कुणाला दोन महिने लागतात, कुणाला वर्ष. त्यांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी दुखणं होतं तिथेच राहिलं, वर दिवसभर गुंगी. एकदा स्टोव्हवर दूध उतू जाऊन भांडं करपलं तरी मला पत्ता नाही, शेजारच्या सगुणाने वास आल्यावर येऊन स्टोव्ह बंद केला. त्यानंतर गोळ्या डब्यात गेल्या आणि आमची घरगुती औषधं सुरू झाली.

तशी ती आधीपासूनच चालू होती. फोड होते तेव्हा गेरू आणि दूर्वांच्या रसाचा लेप रोज. नागिणीचं तोंड आणि शेपटी जुळली की माणूस जातं, हे चाळीतल्या प्रत्येक बाईने मला येऊन ऐकवलं. तुझे बाबा रोज सकाळी चहाच्या आधी वीत लावून मोजायचे आणि म्हणायचे, अजून लांब आहे. आता हसू येतं, तेव्हा मी श्वास रोखून उभी असायचे. मग फोड गेल्यावर कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी झालं, निरगुडीचं तेल झालं, लवंगेचं तेल झालं. काशीरामच्या बायकोने मिरची वाटून लाव म्हणून सांगितलं, आगीला आग मारते म्हणे. मीही लावली, इतकी टेकीला आले होते. पुढे काय झालं ते लिहीत नाही, पण ती बाई जिन्यात दिसली की मी अजून तोंड फिरवते.

गावाहून धोंडिराम वैद्यांनी मूळ पाठवलं, त्याची गंमत तुला सांगायलाच हवी. त्यांच्या औषधाचा नियम तुला ठाऊक आहे, नाव विचारायचं नाही आणि दुखणाऱ्याच्या हातात पडेपर्यंत वाटेत जमिनीला टेकवायचं नाही, नाहीतर गुण जातो. शिवदासकाकांनी कणकवलीपासून एस.टी.त ते मांडीवर घेऊन आणलं, डोळ्याला डोळा लागू दिला नाही. आणि पनवेलला चहा पिताना पिशवी बाकड्यावर ठेवली! बरं, ठेवली तर ठेवली, सांगायचं नाही ना. पण माणूस सरळ, दारातच सांगून मोकळा झाला. तुझे बाबा म्हणाले, गुण गेला, झालं. काका म्हणाले, “मेल्या, बाकडा म्हंजे काय जमीन रे?” बाकड्याचे पाय जमिनीलाच टेकलेले असतात, असं बाबांचं म्हणणं. मग एस.टी.ची चाकं कुठे टेकलेली असतात, असं काकांचं. अर्धा तास दोघं भांडले आणि मी मध्ये हात वर करून उभी. शेवटी मीच ते उगाळून लावलं. थोडं गार वाटलं, चार दिवसांनी पुन्हा होतं तसंच. बाबा अजून पनवेलच्या बाकड्याला शिव्या घालतात.

सध्या तूप चाललंय. घाटकोपरच्या मालनआत्याने सांगितलं, शंभर वेळा धुतलेलं गाईचं तूप. तांब्याच्या ताटात तूप घ्यायचं, पाणी घालायचं, तांब्याच्या बुडाने घोटायचं, पाणी ओतून नवं घालायचं, की पुन्हा घोटायचं. मी म्हटलं, हे कोण करणार, माझा हात तर उचलवत नाही. तुझे बाबा दुसऱ्या दिवशी बसने आरे कॉलनीत गेले. तिथे जिकडेतिकडे म्हशी, गाईचं तूप कुणाकडे नाही. सगळे तबेले पायी फिरून दुपार कलल्यावर बरणी घेऊन आले. तेव्हापासून सकाळी ताट मांडून बसतात. धुणं मोजायला चिंचोके घेतात, मध्ये कुणी हाक मारली की विसरतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. तुपाला तुपाचा वास राहत नाही, लोण्यासारखं पांढरं होतं.

सुलू, संप झाला आणि गिरणी सुटली त्याला तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत हा माणूस खिडकीशी पेपर धरून बसायचा, तोच पेपर दिवसभर. जेवायला हाक मारली तर जेवायचा. मी कधी तुला लिहिलं नाही, पण दुखण्यापेक्षा मला ते जास्त खायचं. आता ते पेपर विसरलेत.

पहिल्या दिवशी त्यांनी तूप लावलं तेव्हा मी ओरडले. गिरणीत साच्यावर काम केलेला हात, तीन वर्षांनीही खरखरीत. त्यांनी हात मागे घेतला आणि स्वतःच्या तळव्यांकडे बघत बसले. मग रोज स्वतःच्याच हातांना ते तूप चोळायला लागले. चालत्या साच्यावर तुटलेला धागा जोडताना बोटं कशी ठेवायची ते त्यांना येत होतंच, ती पाठीवर तशी ठेवायची हे कळायला थोडे दिवस गेले. आज माझ्या अंगाला कुणाचाही हात सोसत नाही, माझा स्वतःचासुद्धा, फक्त त्यांचा सोसतो. तुपाने दुखणं गेलं असं समजू नकोस. तास-दोन तास निवतं, तेवढ्यात मी अंग धुते, भाकऱ्या टाकते, थोडी पडते. एवढंच. रोज उठून तेच सोसायचा मला वीट आलाय गं, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

तू आठवण करून दिलीस ते मी विसरलेले नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि बाळाला आईच्या आईने पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं. मंजुळाबाईच्या हातचं न्हाऊ म्हणून माझं नाव होतं, या चाळीतल्या निम्म्या पोरांना मी घातलं, सगुणालासुद्धा. म्हणून मंगळवारी जीव मुठीत धरून तिचं बाळ मागून घेतलं, म्हटलं बघू तरी. उजवीकडे घेतलं तोवर ठीक होतं. मग ते वळलं आणि त्याची टाच माझ्या डाव्या कुशीला लागली. माझे हात सुटले, सुलू. सगुणा समोरच उभी होती म्हणून तिने झेललं. तिने उलट मलाच पाणी दिलं. पण त्या दिवसापासून मला जेवण गोड लागत नाही. तुला न्यायला यायचं नाही, असंच मी ठरवलं होतं. विहीणबाईंना लिहायचं, बाळंतपण तुमच्याकडेच करा. न्हाऊ घालणारी म्हातारी मागच्या वर्षी वारली, मालनआत्याला गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही, मग घालणार कोण?

काल मी नळावरून आले तर तुझे बाबा मोरीत पाटावर पाय लांब करून बसलेले. लेंगा गुडघ्यापर्यंत वर. नडग्यांवर ओला पंचा गुंडाळलेला मोठा दुधी, आणि एका हाताचा आडोसा करून दुसऱ्या हाताने त्याच्यावर तांब्याने पाणी सोडत होते. मी दारात उभी राहिले. मला वाटलं लाजतील, उठतील. ते म्हणाले, आधी पालथं घ्यायचं की उताणं? मी म्हटलं, उताणं. मग खाली बसून रडले, दुखण्याने नव्हे. बाळाला आजोबा न्हाऊ घालतो असं आपल्यात कुणी ऐकलेलं नाही. चाळ हसेल, विहीणबाईंना काय वाटेल देव जाणे, त्यांना काय सांगायचं ते तू ठरव. आणि तुझ्या मनाला पटलं नाही तर सरळ नाही म्हण. मला वाईट वाटेल, पण मी समजून घेईन. मला तू इथे हवी आहेस. तुला चालत असेल तर तसं लगेच कळव, पुढच्या रविवारी बाबा तुला न्यायला येतील. मी बाजूला पाटावर बसून सांगत जाईन, हात त्यांचे असतील.

तुझीच,
आई