तडकलेली डाळिंबं

मळा, अक्कलकोट रोड, सोलापूर
२० जानेवारी १९७६

प्रिय गुरुलिंग यांस,

नवऱ्याचं नाव लिहिताना हात अडखळतो, पण पाकिटावर लिहितेच की.

संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेआधी सगळं फळ उतरवलं. तुम्ही इटलीहून कळवलंत तसंच केलं. उन्हाळ्यात डाळिंबांचं पाणी तोडलं, पानगळ होऊ दिली, मृगाच्या पावसावर बहर धरला. पुढं मात्र तुमच्या तिकडचं नि आमचं जमेना. तिकडे हिवाळ्यात पाऊस, इकडे दिवाळीनंतर आभाळ कोरडं ठणठणीत, त्यात आपली जमीन मुरमाड. म्हणून फळ भरताना थोडंच, पण नेमानं पाणी द्यायचं ठरवलं. विहिरीतही तेवढंच होतं.

तुमच्या आईंना ते बघवेना. "झाडं तहानंनं सुकाय लागल्यात, आन् तू वाटीनं पाणी पाजतीस व्हय?" म्हणायच्या. मी नव्या पेठेत बाजाराला गेले त्या दिवशी त्यांनी गड्याला, तिप्पण्णाला, मोटर लावायला सांगितली आणि बांधाकडच्या दोन ओळींची आळी काठोकाठ भरली. दोन-तीन दिवसांत त्या ओळींतली फळं तडातड फुटली. शेजारच्या ओळींतली शाबूत. तुमच्या भाषेत तो प्रयोगच झाला म्हणा, पण आई फुटकं फळ मांडीवर घेऊन झाडाखाली बसून राहिल्या. "मीच पाणी पाजून मारलं की गं," एवढंच म्हणत होत्या. मी दाणे सोडवून त्यांच्या हातावर ठेवले. गोड होते. दोघींनी मिळून खाल्ले.

आता त्याच तिप्पण्णावर ओरडतात, "थोडंच सोड की रं!" उरलेलं फळ चांगलं निघालं. मोडनिंबहून थोरले भावजी बघायला आले, कलमं मागून गेले.

तुमचं पत्र येऊन महिना झाला. तिथल्या शेती-संशोधनाच्या नोकरीत कायम झालात, वाचून बरं वाटलं. आईंना भावजींकडे ठेवून उन्हाळ्यात निघून ये, असं लिहिलंत. मी येणार नाही. आईंसाठी अडले असं समजू नका, त्या भावजींकडे सुखानं राहतील. लग्नानंतर मी तुमच्या मागून मळ्यात यायचे. आता सकाळी मीच पुढं असते. यंदा आणखी दोन ओळी लावतेय, खड्डे घेऊन झालेत. तुम्ही परत यावं असं रोज वाटतं, पण तसं लिहून तुम्हाला अडकवणार नाही.

आई विचारतात, "माजा गुरू कवा येतोय?" आजवर मी "येतील की" म्हणत आले. यापुढं म्हणणार नाही. त्यांना मराठी नाही, पण कन्नड वाचता येतं. त्यांना वेगळं पत्र लिहा, कन्नडमध्ये, तुमच्या हातानं. जे ठरवलं असेल ते.

तब्येतीला जपा.

तुमचीच,
नीलम्मा