सातभाईंच्या वहीतलं फाडलेलं पान

बेंबळी,
ता. ११ मार्च १९८४

बब्रुवानास मुक्ताचा जयभीम.

सप्रेम मुद्दाम लिहिलेलं नाही. इकडे सर्व ठीक आहे. विहिरीला पाणी कमी, पण पिण्यापुरतं मिळतं. माझ्या बालवाडीत यंदा बावीस पोरं आहेत. खुशाली संपली.

दूध सोसायटीत पेपर येतो हे तू विसरलास वाटतं. परवा सेक्रेटरी तात्यारावांनी तुझा सातभाई पक्ष्यांवरचा लेख दूध घालायला आलेल्या सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. प्राध्यापकसाहेब, लेख झकास जमलाय. जोडप्याच्या पिल्लांना थव्यातले बाकीचे पक्षीही चारतात, स्वतःचं घरटं न बांधता. हे कुणी पाहिलं? शाळेमागच्या बाभळीखाली तीन वर्षं मी बसले, मान आखडली माझी. आणि छापलंस काय, तर ‘नोंदी गावाकडील एका अल्पशिक्षित मदतनीस महिलेने ठेवल्या.’

तात्यारावांनी विचारलं, "मुक्ताबाई, आपल्या गावात ही कोन हो?"

"आसंल कुनीतरी रिकामटेकडी," मी म्हणाले.

पुढे तू लिहितोस, मदतनीस पक्ष्याला स्वतःची जागा मिळत नाही म्हणून तो थांबतो, आणि पिल्लू रक्ताचं असल्यामुळे चारण्यात त्याचाही फायदाच असतो. हे लिहिताना डोळ्यांसमोर कोण होतं, खरं सांग. मला जागा मिळत होती. जळकोटचं स्थळ पक्कं व्हायला आलं होतं. तेवढ्यात तुझी बायको बाळंतपणात गेली आणि वीस दिवसांची हरणा माझ्या पदरात टाकून "अक्का, परीक्षा होईस्तोवर संभाळ" म्हणत तू औरंगाबाद गाठलंस. त्या परीक्षेला अकरा वर्षं लागली. मध्ये तुझं दुसरं लग्नही उरकलं.

रक्ताचंच म्हणत असशील तर विठाबाईचं काय करतोस? दुष्काळात मी खडी फोडत होते आणि हरणा झोळीत रडून रडून निळी पडत होती. कामावर खायला कोरडी सुकडी मिळायची, पण ती एवढ्याशा जिवाला कशी देणार? विठाबाई वरच्या गल्लीतली, तिचंही लेकरू अंगावर पिणारं. ती हातोडा टाकून उठली आणि हरणाला पदराखाली घेतलं.

"आगं, काय बघत बसलीस? पोटात आग पडलीय पोरीच्या," एवढंच मला म्हणाली.

पाच महिने तिनं पाजलं. घरी कळलं तेव्हा सासूनं आठ दिवस तिला पाण्याच्या घागरीला शिवू दिलं नाही. ती ना आपल्या रक्ताची, ना जातीची. तिचा फायदा कोणता, तेवढा शोधून छाप.

आणि आता तुझं कार्ड येतं, की हरणाला उन्हाळ्यात पाठव, इथल्या शाळेत घालतो. जसं काही वाचायला दिलेलं पुस्तक परत मागतोयस. पाठवणार नाही, एवढं एकच वाक्य लिहायला मी बसले होते.

पण तुला पाठवलेल्या नोंदींच्या वहीत एक पान कमी आहे.

गेल्या श्रावणातलं. हरणाही माझ्याबरोबर होती. आम्ही जिला लंगडी म्हणायचो, ती सगळ्यांत जास्त चारणारी. त्या दिवशी थव्यातला तुटक्या शेपटीचा पक्षी अळी घेऊन आला, तर ही घरट्याच्या काठावर बसून राहिली. तो जवळ आला की चोच मारायची. पिल्लू तोंड वासून ओरडतंय, आणि हिच्या चोचीत काहीच नाही. शेवटी त्यानं अळी स्वतःच गिळली आणि उडून गेला.

हरणा म्हणाली, "आत्या, तिच्यापाशी तर कायच न्हाय. मग त्याला का येऊ देईना?"

"ते ल्हिऊ नगं," मी म्हणाले. तिनं लिहून टाकलं होतं. ते पान मी फाडलं.

बब्रुवान, हरणाच्या नावानं तू पाठवलेली सात पत्रं माझ्या ट्रंकेत आहेत. पोस्टमन टपाल बालवाडीतच देतो. तू पाठवलेला निळा फ्रॉक मीच घेतला म्हणून तिला सांगितलं. "माझा बाप मला कदीच ल्हित न्हाय व्हय?" असं ती विचारायची आणि मी म्हणायचे, त्याला सवड नसती. चारलं मी, तर काठावर बसायचा हक्क माझा, असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं. ती गेली तर भाकरी कुणासाठी थापू, या भीतीनं माझी झोप उडाली आहे. तुझी माफी मी मागत नाही. मागायची तर तिची.

हे पाकीट मी चिकटवणार नाही. तुझी सात पत्रं, ते पान आणि हे पत्र उद्या हरणाच्या हातात देते. टपालपेटीत टाकायचं की चुलीत, तिचं तिनं ठरवावं. तुझ्यापर्यंत आलंच, तर तिची परीक्षा वीस एप्रिलला संपते. स्वतः ये, माणूस पाठवू नकोस. आणि आधी विठाबाईच्या पाया पड, मगच माझ्या दारात ये.

तुझी अक्का म्हणून सही करवत नाही.

हरणाची आत्या,
मुक्ता

ता. क. हे मी हरणा लिहीत आहे. सगळी पत्रं वाचली. आत्याशी मी तीन दिवस बोलले नाही. आज बोलले. वीस तारखेला या. मी येणार की नाही, ते तुम्हाला बघून सांगीन. फाडलेलं पान पाठवत नाही. ती नोंद माझी आहे. छापायची असेल तर खाली दोन नावं घाला, पहिलं आत्याचं.