तिसऱ्याला काही नाही

४ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. कोणी वाचण्यासाठी नाही. मोठं काम हाती घेतलं की नोंद हवी, एवढंच.
आमच्या कापलेल गावच्या क्रॉस कंट्री शर्यतीची मेडल्स यंदा मी करणार. कमिटीने विचारलं नव्हतं, मीच सांगितलं. चेअरमन मुरेई म्हणाला, मास्तर, कशाला त्रास, एल्डोरेटला दुकानात तयार मिळतात की. मिळतात ना. गेल्या वर्षी त्याने आणली त्यांवर एक माणूस फुटबॉलला लाथ मारत होता. मागच्या बाजूला पोहणारा. आमच्याकडे ओढ्याला गुडघाभर पाणी आलं तर लोक वळसा घालून जातात, आणि म्हणे पोहणारा. मुरेईचं उत्तर: चकाकतंय ना, मग झालं. चहामळ्यावर सुपरवायझर म्हणून आयुष्य काढलेला माणूस. त्याच्याकडून दुसरं काय यायचं.

५ नोव्हेंबर, सकाळ
संकल्प: शर्यतीपर्यंत रोज पहाटे पळायचं. मेडल करणाऱ्याच्या पायात दम पाहिजे. सुरुवात उद्यापासून, आज बूट सापडले नाहीत.

६ नोव्हेंबर
पळणं झालं नाही. धुकं.
संध्याकाळी कमिटीला मेडलचा इतिहास समजावला. सगळे अडाणी. सोन्याचं मेडल सोन्याचं असतं अशी अजून यांची समजूत. आत चांदी असते बाबांनो, वरून मुलामा. अख्ख्या सोन्याचं १९१२ नंतर कोणी दिलेलं नाही. १९०० साली पॅरिसला तर मेडल चौकोनी होती, साबणाच्या वडीसारखी. गळ्यात घालायची पद्धत १९६०ची. त्याआधी हातात डबी देत आणि घरी पाठवत. पुढे कित्येक वर्षं मेडलवर एक पंखवाली बाई आणि तिच्या मागे रोमचं थिएटर. खेळ ग्रीकांचा, इमारत रोमची, आणि दशकानुदशकं कोणाच्या लक्षात नाही. असल्या लोकांनी म्हणे जगाला डिझाइन शिकवलं.
मग मुद्द्यावर आलो. १८९६ला अथेन्समध्ये पहिल्याला चांदी, दुसऱ्याला तांब्यासारखा धातू, तिसऱ्याला काही नाही. हीच खरी पद्धत. तिसरा म्हणजे कोण? दोघांकडून हरलेला माणूस. त्याच्या गळ्यात कसली मेडलं घालता? ठराव मांडला, एकमताने पास. तेवढ्यात उकडलेला मका आला होता. तरी एकमत ते एकमत.

६ नोव्हेंबर, जेवणानंतर
बायकोला, जेमेलीला, ठराव सांगितला. मक्याची उगाली वाढता वाढता थांबली. म्हणाली, अहो, तिसऱ्याला अगदी काहीच नाही? मी म्हटलं, नाही. मग विचारते, बायकांच्या शर्यतीतसुद्धा? पन्नाशीपुढच्या बायकांच्यासुद्धा? मी म्हटलं, इतिहास बाई-पुरुष बघत नाही. (अथेन्सला बायका नव्हत्याच, पण ते तिला सांगत बसलो नाही.)
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने माझ्या विषयात रस घेतला. बरं वाटलं.

११ नोव्हेंबर
पळणं: बूट सापडले नाहीत. कोणीतरी घेतलेत.
डिझाइन झालं. पंखवाली बाई रद्द, आमच्या पोरी पंखांशिवाय जिंकतात. दर्शनी बाजूला सिनेंदेतची वेल. आपल्याकडे मान द्यायचा तर हीच वेल गळ्यात घालतात. परदेशातून जिंकून आलेल्या पोरांना विमानतळावर घालतात ती. कागदावर फार सुंदर उतरली आहे.

१८ नोव्हेंबर
एल्डोरेटला वाफुला ओताऱ्याकडे. जुने नळ वितळवून पितळ करतो. पहिल्याला पितळ, दुसऱ्याला तांबं. चांदी परवडत नाही, पण तत्त्व अथेन्सचंच. वाफुलाला म्हटलं, वजन हवं. हल्लीची मेडल्स बिस्किटासारखी, म्हणून तर जिंकणारे चावून बघतात. वाफुला म्हणाला, वजन पाहिजे तेवढं देतो, मान तुमची नाही ना. उद्धट माणूस. पण हात चांगला आहे.

२२ नोव्हेंबर
पहाटे उठलो. दारात उभा राहिलो. गार होतं. जेमेली दुधाचा कॅन पाठीला बांधून डेअरीकडे पळताना दिसली. हिला रोज उशीर होतो. मी म्हटलं, थोडं लवकर उठत जा, म्हणजे धावपळ होणार नाही. हसली. पायात माझे बूट. पुढे कागद कोंबलेत. चपला तुटल्या असतील, म्हणून काही बोललो नाही. मोठं मन लागतं.
माझं पळणं या कारणाने बंद.

२९ नोव्हेंबर
नमुना आला. मुरेईने हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला आणि विचारलं, मास्तर, यावर सुकुमा विकी कशाला? मी म्हटलं, ती सिनेंदेत आहे. म्हणाला, माझ्या बायकोच्या वाफ्यात अगदी अशीच आहे, कालच खाल्ली. कमिटी हसली. खजिनदाराने तर मेडल नाकाला लावून वास घेतला.
पालेभाजी आणि मानाची वेल यांतला फरक कळत नाही, आणि हे गाव जगाला धावपटू पुरवतं.
पानं वाफुलाने जरा जाड काढलीत हे खरं. दुरुस्तीला वेळ नाही. गळ्यात घातल्यावर लांबून नीट दिसतील.

३ डिसेंबर
आणखी एक सुधारणा. नायलॉनची रिबीन रद्द. मेडल ताज्या सिनेंदेतच्या वेलीलाच अडकवायचं. जगात कुठेही झालेलं नाही. का झालेलं नाही, हे जगाने स्वतःला विचारावं.

८ डिसेंबर
काळी गाय व्यायला आली आहे. जेमेलीला बजावलं, शर्यतीच्या दिवशी मी मैदानावर व्यस्त असेन, गोठ्यातून हलू नकोस. ती म्हणाली, शेजारची बघेल गाईकडे. मी म्हटलं, शेजारची कशाला, तुला काय काम आहे? म्हणाली, मलाही मैदानावर यायचंय. मेडल बघायला येणार असणार. म्हटलं, काही अडलं तर मला बोलवायला ये.
हल्ली रात्री पाय चेपत बसते स्वतःचे. वय झालं.

१४ डिसेंबर, दुपार
शर्यत झाली. जमेल तसं लिहितो.
सकाळी पोरांची शर्यत. विजेत्याच्या गळ्यात मेडल घातलं. त्याने हात वर केले आणि वेल तुटली. मेडल पायाच्या अंगठ्यावर. पोरगं एका पायावर नाचलं. लोकांना वाटलं आनंदाने, टाळ्या वाजवल्या. मुरेईने लगेच खिशातून गेल्या वर्षीच्या रिबिनी काढल्या. म्हणजे घेऊनच आला होता. विश्वास म्हणून नाही माणसाचा.
मग पन्नाशीपुढच्या बायका. मी शेवटच्या रेषेपाशी ताट घेऊन उभा. ताटात दोन मेडल्स, नियमाप्रमाणे. मुरेईशी रिबिनीवरून बोलत होतो, त्यामुळे शर्यतीकडे लक्ष नव्हतं. पहिली बाई गेली. मागे वळून बघतो तो जेमेली पळत येतेय. स्कर्ट कमरेला खोचलेला, तोंड घामाने डबडबलेलं, धापा टाकतेय. माझ्याकडेच येतेय.
आता आमच्या गावात पळणाऱ्या माणसाकडे कोणी वळून बघत नाही. मुलं शाळेत पळत जातात, बायका बाजाराला पळत जातात, पाद्रीसुद्धा अंत्यविधीला पळत येतो. पळणारी बाई शर्यतीत आहे हे कोणी कसं ओळखायचं? मला वाटलं, काळी गाय. मी ताट घेऊन पुढे झालो, तिच्या वाटेत, आणि विचारलं, व्यायली का?
ती थबकली. मानेनेच मला बाजूला हो म्हणाली. तेवढ्यात पलीकडच्या टेकडीवरची एक उंच बाई तिच्या खांद्याजवळून निघून गेली.
जेमेली तिसरी.
मग कोणीतरी हसलं, आणि मग सगळेच.

१४ डिसेंबर, संध्याकाळ
राहिलेलं लिहितो. ताटातली दोन्ही मेडल्स दिली. जेमेली समोर उभी होती. छातीवर हात, श्वास अजून लागलेला, आणि ताटाकडे बघत होती. ताट रिकामं. मुरेई माझ्या कानात म्हणाला, मास्तर, अथेन्सला पण असंच करायचे का हो?
बायकांनी कुंपणावरची सिनेंदेत ओरबाडून तिच्या गळ्यात घातली आणि सुक्या भोपळ्यातलं मुर्सिक पाजलं. ते आंबट दूध तिच्या हनुवटीवरून ओघळत होतं. तिला विजेतीसारखं नाचवत नेलं. हे नियमात बसत नाही, असं मी म्हटलं. कोणी ऐकलं नाही.
मी फक्त गाईची चौकशी केली. नवऱ्याने बायकोला गाईबद्दल विचारू नये असा कुठे नियम आहे?
गाय अजून व्यायलेली नाही.

१५ डिसेंबर, रविवार
चर्चमध्ये पाद्री 'शर्यत पूर्ण करणाऱ्यांविषयी' बोलला. सगळे माझ्याकडे बघत होते. आपल्या पाद्रीचं इंग्रजी वाईट आहे, आपली भाषा त्याहून वाईट. वाईट गोष्ट अशी की आज त्याचं प्रवचन चांगलं झालं.
जेमेली बोलते. मीठ हवं का, चहा हवा का. एवढंच.

१६ डिसेंबर
कमिटीने कळवलं: पुढच्या वर्षी तीन मेडल्स, दुकानातून. माझ्या ठरावाची नोंदसुद्धा नाही. असल्या लोकांसाठी झटलो.

१८ डिसेंबर
वाफुलाकडे जाऊन आणखी एक मेडल ओतून घेतलं. मागे 'तिसरी' असं कोरायला सांगितलं. वाफुला काही बोलला नाही, हाही त्याचा उद्धटपणाच.

१९ डिसेंबर
जेमेली अंगणात बसून मुर्सिकचा भोपळा आतून जळक्या काडीने घासत होती. मी मेडल काढून समोर धरलं. म्हटलं, घे, तुझंच आहे. तिने हात पुसले, मेडल घेतलं, दोन्ही बाजू नीट बघितल्या. म्हणाली, चांगलं झालंय. आणि परत दिलं.
मग म्हणाली, अहो, तुम्ही नाकुरूला प्रांताच्या शर्यतीत चौथे आला होतात, लग्नाच्या आधी. तुमच्या आईने सांगितलं होतं मला. रडला होतात म्हणे गोठ्यात.
मी म्हटलं, चौथ्याला मेडल नसतंच, जगात कुठेही नसतं.
म्हणाली, ते माहीत आहे. पण शर्यतीच्या साहेबांनी दुसऱ्या आठवड्यात मेडल घरी आणून दिलं असतं, तर तुम्ही घेतलं असतंत?
मी म्हटलं, नाही.
ती हं म्हणाली आणि पुन्हा भोपळा घासायला लागली.

१९ डिसेंबर, रात्री
घेतलं असतं.