सरोजच्या पत्रिकांची नाताळकार्डं

प्रिय आत्याबाई,

सलाम.

आधीच सांगते, रडायला म्हणून हे पत्र लिहीत नाहीये. तुम्हाला रडणं आवडायचं नाही आणि मला ते जमत नाही. तुम्ही गेलात त्या सकाळीसुद्धा मी आधी ओट्यावरचं दूध झाकलं आणि मग तुमच्या लेकाला, सुधीरला, कंपनीत फोन लावला. आलेल्या बायका म्हणाल्या, सून लई घट्ट काळजाची. म्हणोत बापड्या. मांजरानं दूध सांडलं असतं तर तुम्हीच उठून बसला असतात!

लिहायचं कारण सांगते. आज नाताळ. तुमच्याशिवायचा पहिला. आणि तुमची लेक घरी आलीय. व्हय, सरोज. नाताळाला, स्वतःहून, नाशिकहून बसनं. आत्ता आतल्या खोलीत झोपलीय. सुधीर चर्चच्या पाळकसाहेबांकडं फराळाचं ताट घेऊन गेलाय. सकाळी चहाच्या वेळी ती मला जे बोलली ते तुमच्या कानावर घालायलाच हवं. दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग काय?

पण सरळ तिथं येत नाही. तुम्ही तरी कुठं सरळ मुद्द्यावर यायचात!

मी या घरात आले तो पहिला नाताळ आठवतो का तुम्हाला? उस्मानपुऱ्यातलं हे घर तेव्हा मागून मोकळं होतं. आता तिथं खाली मोबाईलचं दुकान आणि वर जिम झालीय, दिवसभर गाणी आणि आपटाआपट चालते. मला वाटलेलं, नवी सून आहे, साडी मिळेल. तुम्ही हातात एक पुडकं ठेवलंत. सोडलं तर पिशवी! मामंजींच्या जुन्या पॅन्टची, आणि पॅन्टचा खिसा बाहेरून तसाच ठेवलेला. "चिल्लर ठेवायला होतंय," म्हणालात. माहेरी सांगितलं तर माझ्या बहिणी पोट धरधरून हसल्या. पिशवी मात्र अजून फाटली नाही, हेही सांगून टाकते.

दिवाळी सरली की तुमचं काम सुरू. समोरच्या काकूंचा आकाशकंदील कधी खाली उतरतोय याची तुम्ही त्यांच्यापेक्षा जास्त वाट बघायचात. त्याच्या काड्यांची आपली चांदणी व्हायची. चर्चमधल्या मेणबत्त्यांची थोटकं वितळवून कान तुटलेल्या कपात ओतायची. उसवलेल्या स्वेटरची लोकर, साड्यांचे काठ, चहाच्या पुड्यातला चंदेरी कागद. या घरात काहीही टाकताना आधी मागं वळून बघावं लागायचं. केसांची पिन वाकली तरी तुम्ही म्हणायचात, "राहू दे, तारा अडकवायला होईल."

आणि कार्डं! शहरात रंगीत, गाणी वाजणारी कार्डं मिळायला लागली तरी तुमचं आपलं कात्री आणि खळ. "विकतचं कुणी बी देतंय गं. त्यात आपलं काय?" कार्डावर बर्फ म्हणून कापूस चिकटवायचात, तोही घरचा, कधीकधी सरकीसकट. एका वर्षी सुधीर म्हणाला, "आई, इथं पाऊस पडंना आणि तू बर्फ पाडतीस?" तुम्ही डोळे वर न करता म्हणालात, "पाऊस माझ्या हातात नाय. कापूस हाये." मी तोंडाला पदर लावून हसले होते. चर्चची मंडळी शहरभर पांगली होती, कुणी बायपासच्या पलीकडं, कुणी वाळूजला. वाळूजची कार्डं सुधीरच्या शिफ्टच्या बसनं जायची, बाकीची तुम्ही स्वतः हिंडून द्यायचात. पोस्टाला पैसे? छे!

आता त्या वर्षावर येते.

टँकरचं वर्ष. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता, आणि आलं की अख्खी गल्ली हातातलं टाकून पळायची. त्यातच सरोजचं लग्न ठरलं होतं, चितेगावच्या मुलाशी. बोलणी झाली तेव्हा ते लोक आपल्यासारखेच होते, कोरडं रान आणि तळ दिसणारी विहीर. मग पैठण रोडला प्लॉटिंगवाले फिरायला लागले आणि त्यांचं रान विकलं गेलं. रानाला भाव आला आणि मागोमाग पोरालाही आला. आपल्या पत्रिका छापून घरात आल्या, आणि दोनच दिवसांत निरोप, मुलाची सध्या लग्नाची इच्छा नाही. पुढं ती इच्छा पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंना बघून परत झाली, ते आपण ऐकलंच!

काय सुंदर पत्रिका होत्या. जाड कागद, सायीचा रंग, कडेनं सोनेरी रेघ. वर देवाचं वचन, खाली सरोज आणि त्या पोराचं नाव. बाकी सगळीकडं काटकसर करणाऱ्या तुम्ही, लेकीच्या पत्रिकेला मात्र हात आखडला नव्हता.

सुधीर म्हणाला, "रद्दीत देऊन टाकतो." तुम्ही कडाडलात, "देवाचं वचन रद्दीत? उद्या त्यात कुणी भजी बांधून देईल!" तो म्हणाला, "मग जाळून टाकू." त्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "माझ्या लेकीचं नाव हाये त्यावर." आणि गठ्ठे उचलून ट्रंकेत ठेवलेत. सरोज आपल्या खोलीचं दार लावून बसली होती. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

डिसेंबरात तुम्ही ते गठ्ठे बाहेर काढलेत. वचन होतं तसंच ठेवायचं, खाली नावांवर निळा कागद डकवायचा, त्यावर चांदणी, गव्हाणी, कापूस. वचनाचा मान राहिला, नाव झाकलं गेलं, कागद वाया गेला नाही. तुमच्या डोक्यानं पाहिलं तर कुठं काही चुकत नव्हतं. सरोज तेव्हा वाळूजला एका ऑफिसात होती. ती यायची वेळ झाली की तुम्ही सगळं आवरून परत ट्रंकेत. मी म्हटलंसुद्धा, "आत्याबाई, तिला दाखवा तरी एकदा." तुम्ही म्हणालात, "कशाला उगं खपली काढायची? तिला कळायचं बी नाय. कार्डं वाटली की पत्रिका संपल्या."

घात केला तो खळीनं. एरवी तुमची खळ म्हणजे भाताची पेज आटवून केलेली, एकदा चिकटली की चिकटली. त्या वर्षी पाणी जपून, म्हणून भात बैठा, मग पेज कुठून निघणार? कणीक कालवून केलीत, तीही पातळ, पुरवून पुरवून लावलेली. त्यात ती कोरडी हवा. ओठ उलत होते, तिथं कागदाची काय कथा!

नाताळची उपासना सुटली. आवारात चहा चालला होता, सरोजच्या हातात कपांचा ट्रे होता. तुमच्या मैत्रीण लीलाबाईंनी पर्समधून कार्ड काढलं, तर निळा कागद सुटून खाली पडला. त्यांनी चष्मा लावून खालची नावं वाचली आणि भाबडेपणानं मोठ्यांदा ओरडल्या, "अगं सरोज, जमलं का परत? देवाची करणी बघा!" झालं. बायका गोळा झाल्या. एकीनं तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. दुसरीनं विचारलं, तारीख तीच का? बाकीच्यांनी आपापली कार्डं काढून नखानं खरवडून बघितली, आणि प्रत्येक कार्डात तेच.

सरोजनं ट्रे हळूच टेबलावर ठेवला. एक कप हिंदकळला नाही. घरी आल्यावर ती तुम्हाला एकच वाक्य बोलली, "माझ्यापेक्षा तुला कागद महाग." तुम्ही पोळपाट धुवत होतात. काही बोलला नाहीत. का नाही बोललात हो? सांगायचं होतंत की, बाई, वचन होतं, तुझं नाव होतं, रद्दीत द्यायला जीव धजला नाही म्हणून केलं. एवढी तुमची जीभ! भाजीवाला तुम्हाला बघून दुसऱ्या गल्लीला वळायचा. तेवढ्या एका वेळीच कशी टाळूला चिकटली?

फेब्रुवारीत ती नोकरी धरून नाशिकला गेली. सुट्टीत यायची, दोन दिवस राहायची, नीट बोलायची. पाहुण्यासारखी. नाताळाला मात्र कधी आली नाही.

तुम्ही दर वर्षी तिला कार्ड पाठवत राहिलात. बाकी सगळ्यांना कॅलेंडरची पाठ, साबणाची खोकी, पण सरोजच्या कार्डाला तुम्ही दुकानातून कोरा कागद आणायचात. विकत! पोस्टाचं तिकीटसुद्धा लावायचात. मला वाटायचं मला दिसलं नाही असं तुम्ही समजता, म्हणून मीही दिसलं नाही असं दाखवायचे. तिचं उत्तर आलं नाही. तुम्ही "पोस्टाचा कारभार लई ढिला" म्हणायचात आणि मी "व्हय" म्हणायचे.

पावसाळ्यात तुम्ही गेलात. मातीला ती आली, कडेला उभी राहिली, तिच्या वाटची मूठभर माती टाकली आणि दुसऱ्या दिवशी परत गेली. मला वाटलं, संपलं आता. ज्या माणसावर रुसायचं तेच उरलं नाही, तर रुसवा कसा निघणार?

आणि परवा तिचा फोन. "वहिनी, नाताळाला येऊ का?"

यंदा आपण कार्डं केली नाहीत, दुखवट्याचं वर्ष म्हणून. सुधीरनं मोबाईलवरून नाचणाऱ्या सांताक्लॉजचं चित्र सगळ्या मंडळीला पाठवलं. लोकांनी उलट अंगठे पाठवले. काम झालं. लीलाबाईंना मोबाईल नीट दिसत नाही, त्या आज उपासनेनंतर माझा हात धरून म्हणाल्या, "यंदा तिचं कार्ड नाय गं." तेव्हा पहिल्यांदा मला तुमची खरी आठवण आली.

घरी आल्यावर मी चहा ठेवला. सरोज ओट्याशी उभी राहून आलं किसत होती. मी ठरवूनच ठेवलं होतं, आज हिला सांगायचंच. सांगितलं. वचनाचं, नावाचं, सुधीर जाळू म्हणाला तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते, विकतच्या कोऱ्या कागदाचंसुद्धा. म्हटलं, तुझी आई चिक्कू होती, मान्य, पण ते चिक्कूपणानं केलं नव्हतं गं.

तिनं आलं किसणं थांबवलं नाही.

"मला माहीत होतं, वहिनी."

"काय माहीत होतं?"

"सगळं. मधली भिंत केवढीशी आपली? दार बंद होतं, कान थोडेच बंद होते? ती दादाला काय म्हणाली ते मी ऐकलं होतं. त्या दिवशी तर मला तिच्या कुशीत जाऊन बसावंसं वाटत होतं."

"अगं मग इतकी वर्षं राग कशाचा?"

तेव्हा तिनं किसणी खाली ठेवली. "तिनं मला विचारलं नाही. नाव माझं होतं ना? एकदा नुसतं म्हणायचं, सरोज, काय करू गं या पत्रिकांचं? मी म्हटलं असतं, आण इकडं कात्री. मलाच कापायच्या होत्या त्या, वहिनी. तिच्या शेजारी बसून. ती मी घरात नसताना कापत बसली."

चहा उतू गेला. दोघींपैकी कुणीही गॅस बंद केला नाही.

मला तुमचा राग आला, आत्याबाई. सरळ सांगते. तिला लागू नये म्हणून तुम्ही लपवत राहिलात, आणि तिला तेच लागलं. मग ती रडायला लागली आणि बघते तर मीही. मला जमत नाही असं वर लिहिलंय, ते खोडत नाही, पण आज जमलं. तुम्ही तेव्हा हाक मारली असती तर तुमची लेक येऊन तुमच्या शेजारी बसली असती. इतके नाताळ तुम्ही एकट्यानं काढलेत, तिनं तिकडं एकटीनं काढले. आणि तेव्हा ती हाकेच्या अंतरावर, भिंतीपलीकडं होती हो!

तुम्हाला हे वाचून वाईट वाटेल. वाटू दे. तुम्हाला आवडेल तेवढंच लिहायचं तर मग पत्र कशाला लिहायचं?

परवा ती परत जाणार आहे. सुधीरचं आपलं नेहमीसारखं चाललंय, पुढच्या वर्षीचा नाताळ इथंच, मी तिकीट काढून पाठवतो, तिला काय विचारायचं, घरचीच तर आहे. मी त्याला गप्प बसवलंय.

तुम्हाला शब्द देते. आत्ता ती उठली की तिच्यासमोर बसून मी विचारीन, सरोज, पुढच्या नाताळाला यायचं आहे का तुला? नाही म्हणाली तर तेही ऐकून घेईन. आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारीन.

तुमची सून,
रजनी