उशीवरची तालीम

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुमचे गुडघे आणि भावोजींचं घोरणं, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करते. इकडे सगळे ठीक आहेत. (हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही फोन उचलाल.)

मंगळवारी तुमच्या बंधुराजांनी जेवणाआधीचं इन्सुलिन घेतलं आणि ताटावर बसायचं सोडून प्लंबरला अक्कल शिकवायला गेले. बराच वेळ शिकवली. मग घाम फुटला, असंबद्ध बोलायला लागले (त्यात नवीन काय, म्हणून मी कपड्यांच्या घड्या घालत राहिले) आणि न्हाणीघराच्या दारात धाडकन कोसळले. हाक मारली तर ओ नाही. माझं धाबं दणाणलं. साखरेचं पाणी करून त्यांच्या तोंडाशी नेलं, तोच सासूबाईंनी माझ्या हातावर असा फटका मारला की पेला थेट प्लंबरच्या पायावर. "गुदमरवतेस का त्याला? शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात थेंबही घालायचा नाही!" जन्मभर 'एवढा एकच घास' म्हणत मुलाला कोंबणारी ही बाई, वन्सं!

मग त्यांनी ती लाल डबी उघडली. डॉक्टरांनी दिलेलं ग्लुकागॉन; रक्तातली साखर पार उतरली की यकृतातली साठवण बाहेर काढायला लावणारं हार्मोन. मुदत संपलेल्या जुन्या डबीची सुई सासूबाई रोज दुपारी सोफ्याच्या उशीला टोचायच्या, आणि मी "उशीची साखर किती आली?" म्हणून खिदळायचे. आता त्याच हातांनी, जराही न अडखळता, डबीतलं पाणी औषधाच्या पावडरीत सोडलं, विरघळवलं, सिरिंजमध्ये ओढलं आणि पँटवरूनच मांडीत खुपसलं. मुलाला कुशीवर वळवलं. मला अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करायला लावला, प्लंबरला नळ बंद करायला. आम्ही दोघांनी मुकाट ऐकलं. काही वेळाने तुमच्या बंधुराजांनी डोळे उघडले, ओकले आणि म्हणाले, "नवी पँट होती." इतकं गोड ते लग्नातही बोलले नव्हते.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आता दे साखरपाणी." आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

तुमची,
वहिनी

ता. क. तेव्हापासून घरात कवायत सुरू आहे. मी आंघोळीला निघाले की सासूबाई दारात आडव्या पडून बेशुद्ध होतात, आणि मी उशीर केला तर डोळे मिटूनच रागावतात. खरं तर पत्राचं कारण हेच: त्यांना महिनाभर तुमच्याकडे न्या.

आणखी एक ता. क. नका नेऊ. त्या मागे उभ्या राहून हे वाचत होत्या. लाल डबी माझ्या हातात ठेवून निमूट बॅग भरायला गेल्या. मी ती बॅग लपवली आहे. तुम्हीच या. येताना एक उशी आणा. आमची चाळण झाली आहे, आणि माझा सुईचा सराव आजच सुरू झालाय.